पाळण्यापाशी उभा असलेला माणूस: पार्कमधल्या कर्मचाऱ्यांची तयारी कशी करावी

सातारा जिल्ह्यात सुरूर फाट्यावरून आत वळलं की वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर हा रस्ता पर्यटकांचा. पॉइंट आणि देवळं तर आहेतच, पण आता या पट्ट्यात करमणुकीच्या जागाही आहेत. राइड्सचे पार्क, गो-कार्टिंग, झिपलाइन, बोटिंग, हुरडा पार्टीसाठी चालणारी कृषी पर्यटन केंद्रं. पार्क काढणारा मालक पहिला विचार मशीनचा करतो. कुठली राइड आणायची, किती सीटची, कुठून मागवायची. पण मशीन तर सगळीकडे तीच मिळते. तोच ब्रेक डान्स, तोच टोराटोरा, तीच ड्रॅगन ट्रेन पुसेगावच्या यात्रेतही असते आणि म्हसवडच्याही. माण-खटावमधून सहलीला आलेल्या पोरानं कोलंबसची झुलती होडी आधीच पाहिलेली असते.

तरीही काही ठिकाणी लोक पुन्हा येतात आणि येताना शेजारच्या घरालाही घेऊन येतात. या भागातल्या छोट्या-मोठ्या पार्कमध्ये कर्मचाऱ्यांची तयारी करून घेण्याचं काम मी करतो. लोक परत का आले हे विचारलं, तर उत्तरात राइडचं नाव क्वचित येतं. 'तो पाळण्यापाशी उभा होता ना, त्या दादानं आमच्या आईला हात धरून बसवलं,' असं काहीतरी येतं.

हा लेख मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांच्यासाठी आहे. राइडपाशी किंवा तिकीट खिडकीत प्रत्यक्ष उभ्या असणाऱ्या मुलामुलींनीही तो वाचावा. माझं म्हणणं एकच आहे. आपुलकी आपल्या माणसांना शिकवावी लागत नाही. जावळी, वाई, कोरेगावच्या गावातून कामाला येणाऱ्या पोरांच्या घरी दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या मिळतो, चौकशी नंतर होते. पार्कात आल्यावर ती आपुलकी कुठे जाते, हा खरा प्रश्न आहे. दमणूक, भीती आणि 'साहेबांना विचारून सांगतो' ही सवय ती खाऊन टाकते. म्हणून हसायला सांगण्याआधी या तीन गोष्टींचा बंदोबस्त करायचा. पहिल्या तीन पायऱ्या त्याच्याच आहेत आणि त्या हंगामाआधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्ट्या आणि मे महिना यांच्या बऱ्याच आधी, पूर्ण व्हायला हव्यात.

पायरी १: चार गोष्टींचा क्रम ठरवा

कर्मचाऱ्याला आपण एका दमात दहा सूचना देतो. हसून बोला, रांग पटापट हलवा, नियम पाळा, युनिफॉर्म स्वच्छ ठेवा. पण या सूचनांची एकमेकींशी टक्कर होते तेव्हा काय करायचं, हे कोणी सांगत नाही. रांग वाढलीय, लोक ओरडतायत आणि एका सीटचा बेल्ट नीट लागत नाहीये. आता?

याचं चांगलं उत्तर डिस्नेलँडकडे आहे. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथं १७ जुलै १९५५ रोजी हे पार्क उघडलं तेव्हा पहिलाच दिवस गोंधळाचा गेला. खोटी तिकिटं घेऊन लोक आत शिरले, उन्हानं नवा डांबरी रस्ता मऊ पडला, प्यायच्या पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते. त्याच वर्षी व्हॅन फ्रान्स नावाच्या माणसानं तिथल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण बांधायला सुरुवात केली होती. पुढे तिथं चार गोष्टींचा क्रम पक्का झाला: आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग सादरीकरण (पार्क आणि माणसं नीटनेटकी दिसणं) आणि शेवटी कामाचा वेग. यात महत्त्व क्रमाला आहे. दोन गोष्टींची टक्कर झाली की यादीत वर असलेली जिंकते. रांग कितीही मोठी असो, बेल्ट लागल्याशिवाय राइड सुटत नाही. आणि आजोबांनी रस्ता विचारला, तर झाडणारी मुलगी झाडू बाजूला ठेवून आधी रस्ता सांगते, कारण सौजन्य वेगाच्या वर आहे.

हा क्रम मराठीत लिहून स्टाफच्या खोलीत लावा. मग त्यावर पाच-सहा प्रसंग घालून प्रत्येकाला विचारा, 'इथं तू काय करशील?' उत्तर चुकलं तर रागावू नका, 'क्रमात वर काय आहे?' एवढंच विचारा. दोन बैठकांत पोरं तयार होतात.

पायरी २: हातात थोडा अधिकार द्या

मुलाच्या हातून आईस्क्रीम खाली पडलं. मूल रडतंय. शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला वाईट वाटतंय, पण दुसरं द्यायचं तर मॅनेजरला फोन करावा लागतो आणि मॅनेजर तिकीट खिडकीवरच्या भांडणात अडकलेला आहे. कर्मचारी नजर वळवतो. तो वाईट माणूस नाही, त्याला परवानगी नाही.

रिट्झ-कार्लटन या हॉटेल साखळीत प्रत्येक कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे, वरिष्ठांना न विचारता. वाईजवळच्या पार्कला एवढी उडी घ्यायची गरज नाही. प्रत्येकाला दिवसाला दोनशे रुपयांची मर्यादा द्या. त्यात आईस्क्रीम, पाण्याची बाटली, एखाद्या राइडची फुकट फेरी, ओल्या झालेल्या मुलासाठी टॉवेल एवढं बसतं. दिल्यावर वहीत एक ओळ लिहायची: काय दिलं, का दिलं. हिशेब त्याच दिवशी विचारायचा नाही, आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर वाचायचा.

मालकांची पहिली भीती असते की पोरं आपल्या मित्रांना फुकट वाटतील. क्वचित असं होतं आणि वहीत ते लगेच दिसतं. बहुतेक ठिकाणी उलट अडचण येते. पोरं मर्यादा वापरतच नाहीत, कारण त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात सुपरवायझरनं स्वतः, सगळ्यांना दिसेल असं, ती मर्यादा वापरून दाखवावी.

पायरी ३: बसायला स्टूल, वेळेवर जेवण

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्यावरच सगळ्यात कमी खर्च होतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानात काम करणाऱ्या सेविकांचा अभ्यास करून १९८३ साली एक गोष्ट मांडली. मनात काहीही चाललं असलं तरी चेहऱ्यावर ठरावीक भाव धरून ठेवणं हे श्रमच आहेत. पोती उचलणाऱ्याची पाठ दमते, तसं हसऱ्या चेहऱ्यानं आठ तास उभं राहणाऱ्याचंही काहीतरी दमतं. आपल्याकडे हे कष्ट कोणी मोजत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहून दिवसभर 'बेल्ट लावा, हात आत घ्या' म्हणणाऱ्या पोराचा आवाज दुपारी तीनला चिडका झाला, की मॅनेजर त्याला 'ॲटिट्यूड' म्हणतो.

करायचं काय? प्रत्येक राइडपाशी एक उंच स्टूल ठेवा, दोन फेऱ्यांच्या मध्ये बसता येईल असं. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानंच बंधनकारक केलं. आपण कायद्याची वाट का पाहायची? दुसरं, एका राइडवर कोणालाही सलग दोन तासांहून जास्त ठेवू नका. आकाशपाळण्यावरचा गेटवर जाईल, गेटवरचा लॉकरपाशी. राइड चालवणारा मात्र त्या मशीनचं प्रशिक्षण झालेलाच हवा, अदलाबदल त्या मर्यादेतच. तिसरं, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी ठरलेल्या वेळेला. गर्दी आहे म्हणून ती पुढे ढकलायची नाही, गर्दीच्या दिवशी तिची गरज जास्तच असते. पिण्याचं पाणी, मीठ-साखर-लिंबू, स्वच्छ संडास आणि मुलींना कपडे बदलायला कडी असलेली खोली. पगार ठरल्या तारखेला.

एवढं केलं की हसण्याची सूचना देण्याची वेळ फारशी येत नाही.

पायरी ४: गेट आणि तिकीट खिडकी

इथं थोडक्यात सांगतो. पाहुणा घाट चढून, पार्किंग शोधून, पोरांची भांडणं सोडवून खिडकीपाशी येतो. त्याला पहिलं वाक्य दराचं ऐकवू नका. 'या, कुठून आलात?' एवढं पुरे. उत्तर आलं की त्यातूनच पुढची मदत सुचते. पहाटे सोलापूरहून निघालेल्यांना आधी संडास आणि नाश्ता कुठे आहे हे सांगा, राइड नंतर.

दराचा फलक मोठा आणि पूर्ण ठेवा. कॉश्च्युमचं भाडं, लॉकरची अनामत, वेगळं तिकीट लागणाऱ्या राइड, सगळं खिडकीच्या आधी दिसलं पाहिजे. आत गेल्यावर कळलेले पन्नास रुपये पाचशेंसारखे बोचतात आणि ते ज्याला मागावे लागतात, त्या पोराच्या अंगावर लोक जातात. मालकानं लपवलेल्या दराचा राग कर्मचाऱ्यानं झेलायचा, हा अन्याय आहे.

हाक कशी मारायची हेही ठरवून घ्या. 'सर-मॅडम' चालतं, पण त्यात ऊब नाही. दादा आणि ताई हे सगळ्यात सुरक्षित. पस्तिशीच्या बाईला मावशी किंवा काकू म्हणू नये. आजी-आजोबा तेव्हाच, जेव्हा नातवंडं सोबत दिसतायत. लहान मुलांशी 'तू' प्रेमाचं वाटतं, पण नववी-दहावीच्या सहलीतल्या मुलांना 'तुम्ही' म्हणून बघा. ती अचानक शहाण्यासारखी वागायला लागतात. महाबळेश्वरला गुजरातमधून पुष्कळ लोक येतात, त्यांच्यासाठी 'आवो', 'बेसो', 'भाई', 'बेन' एवढं जरी जिभेवर असलं तरी चेहरे खुलतात. छातीवर नावाची पट्टी हवी आणि ती मराठीत, मोठ्या अक्षरात. नाव माहीत असलं की पाहुणा 'ए भाऊ' म्हणत नाही, नावानं बोलतो. त्यानं दोन्ही बाजूंचा आवाज खाली येतो.

पायरी ५: रांग

पार्कातला पाहुण्याचा सगळ्यात जास्त वेळ राइडवर जात नाही, रांगेत जातो. दोन मिनिटांच्या राइडसाठी चाळीस मिनिटं उभं राहावं लागतं. म्हणून आठवण चांगली करायची तर रांगेवर काम करावं लागतं.

सेवा-व्यवसायांचे अभ्यासक डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ साली रांगेतल्या माणसाच्या मनाबद्दल काही सूत्रं मांडली, ती आजही जशीच्या तशी उपयोगी पडतात. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं हे माहीत नसलं की थांबणं लांबतं. का थांबलोय हे माहीत नसलं की आणखी लांबतं. आणि कोणी मध्ये घुसलं तर पाच मिनिटंही असह्य होतात.

यातून रांगेवरच्या माणसाची कामं सरळ निघतात.

खरी वेळ सांगा. 'होईल, होईल' म्हणू नका. एका फेरीत किती जण बसतात आणि एक फेरी किती मिनिटांची, हे माहीत असलं की रांगेत उभ्या माणसाला त्याची वेळ सांगता येते. रांगेच्या जागेवर खुणा करून ठेवा: इथून अर्धा तास, इथून पंधरा मिनिटं. सांगताना पाच मिनिटं जास्तच सांगा, लवकर नंबर लागला तर कोणी तक्रार करत नाही.

कारण सांगा. राइड थांबली की लोक चिडतात ते थांबल्यामुळे कमी आणि गप्प बसलेल्या कर्मचाऱ्यामुळे जास्त. 'मशीन बंद आहे' हे कारण नव्हे. 'एका सीटचा सेन्सर लाल दाखवतोय. तंत्रज्ञ तपासतायत. वीस मिनिटांनी मी परत येऊन सांगतो, झालं असो वा नसो.' आणि वीस मिनिटांनी खरंच परत यायचं. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी यायचं. पाचगणी-महाबळेश्वरकडे धुकं आणि पाऊस कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे हे वाक्य प्रत्येकाला पाठ हवं.

रांग तोडणाऱ्याला अडवा, ओळखीचा असला तरी. गावातल्या पुढाऱ्याचा पुतण्या, मालकाचे पाहुणे, कोणीही. त्यांना सोडायचंच असेल तर वेगळ्या दारानं, रांगेला दिसणार नाही असं, आणि तेही शक्यतो नकोच. अडवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी मालकानं उभं राहिलं पाहिजे. एकदा जरी त्याला सगळ्यांसमोर 'जाऊ दे रे त्यांना' म्हटलं, की त्या दिवसापासून तो कोणालाच अडवणार नाही.

वेळ भरा. यासाठी विदूषक लागत नाही. उखाणे घ्यायला लावा, कोडी घाला, 'साताऱ्याचे कोण, सांगलीचे कोण' म्हणून हात वर करायला लावा. कंदी पेढा भारी की सांगलीची भडंग, एवढा विषय टाकला की पंधरा मिनिटं कुठे गेली कळत नाही. हे ज्याला जमतं त्यालाच द्या. लाजऱ्या मुलाला माइक देऊन छळू नका, तो बेल्ट तपासण्यात कदाचित सगळ्यात काटेकोर असेल.

रांग ही जीवावरची गोष्टही असू शकते, हे आपल्या जिल्ह्याइतकं कोणाला माहीत असणार? २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेव गडावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. अरुंद वाट आणि मागच्याला पुढचं काही दिसत नसणं, गर्दीला हे दोन्ही घातक. पार्कातली रांग त्या मानानं किरकोळ, पण नियम तोच राहतो. पुढे काय चाललंय हे मागच्यांना सतत कळलं पाहिजे, बाहेर पडायची वाट कधीही अडलेली नको आणि रांगेतल्या माणसाचा आवाज शांत हवा. घाबरा आवाज गर्दीत सर्वात आधी पसरतो.

पायरी ६: उंचीची पट्टी, म्हणजे नकार कसा द्यावा

चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून सात वर्षांचं पोर पट्टीपाशी येतं आणि दोन बोटं कमी भरतं. वडील म्हणतात, 'अहो, मी धरून बसतो ना.' आई म्हणते, 'लांबून आलोय हो.' मागचे म्हणतात, 'सोडा ना एकाला, काय होतं?' पार्कातल्या कर्मचाऱ्याची खरी परीक्षा इथं होते.

उत्तर नाहीच आहे आणि नाहीच राहणार. उंचीची अट मशीन बनवणाऱ्यानं घातलेली असते, कारण बार आणि बेल्ट त्या उंचीच्या शरीरासाठी बसवलेले असतात. आई-बापाचा हात त्या वेगात पोराला धरून ठेवू शकत नाही. हे कारण कर्मचाऱ्याला स्वतःला पटलेलं असेल तरच त्याचा नकार शांत येतो. म्हणून प्रशिक्षणात त्याला रिकाम्या सीटवर बसवून बार कुठे येतो ते दाखवा, मग लहान मुलाच्या मापाची बाहुली ठेवून मोकळी जागा किती राहते तेही दाखवा. एकदा पाहिलं की तो कोणाच्या दबावाखाली येत नाही.

नकाराची पद्धत अशी. आधी गुडघ्यावर बसायचं, म्हणजे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं. आई-बापाशी नंतर, पहिल्यांदा मुलाशी बोलायचं, कारण हिरमोड त्याचा झालाय. 'नाव काय तुझं? बघ, ही रेघ इथं आहे आणि तू इथं. या बारच्या खालून तू निसटशील, म्हणून मी तुला बसवणार नाही. तुझं काही चुकलेलं नाही.' मग खिशातून एक कार्ड काढायचं, आधी छापून ठेवलेलं. त्यावर मुलाचं नाव, आजची तारीख आणि आजची उंची लिहायची, खाली 'उंची वाढली की या, तुमची पहिली फेरी आमच्याकडून' असं छापलेलं. एका कार्डाला खर्च नगण्य. ते कार्ड घरी कपाटाच्या दारावर चिकटतं आणि मूल वर्षभर त्याच्याशी उंची मोजत राहतं.

यानंतर त्याला दुसऱ्या राइडपाशी नेऊन सोडायचं आणि तिथं पुढे घ्यायचं, कारण त्यानं रांगेचा वेळ आधीच दिलाय. आई-वडील तरीही चिडले असतील तर त्यांच्याशी एकच वाक्य, तेही हळू आवाजात: 'दादा, उद्या मला झोप लागली पाहिजे.' हे वाक्य मी एका झिपलाइनवरच्या मुलाकडून ऐकलं. पुढचे वडील क्षणात शांत झाले होते.

आणखी एक. रांगेच्या तोंडाशीच दुसरी पट्टी लावा. चाळीस मिनिटांनंतर द्यावा लागणारा नकार तिथंच, पहिल्या मिनिटाला देता येतो. कितीतरी पार्कात ही पट्टी फक्त आत असते आणि रोजची डझनभर रडणी त्यामुळे होतात.

पायरी ७: घाबरलेला, संकोचलेला, वेगळी गरज असलेला पाहुणा

नऊवारीतल्या आजी आकाशपाळण्याकडे बघत उभ्या आहेत. बसायचंय, पण धीर होत नाही. 'काही होत नाही आजी, बसा!' असं मोठ्यानं म्हणू नका. ते ऐकून दहा जण बघतात आणि आजी मागे सरतात. जवळ जाऊन सांगा: पाळणा किती उंच जातो, किती वेळ फिरतो, आणि वर गेल्यावर नको वाटलं तर हात हलवला की पुढच्या फेरीत खाली थांबवतो. पदर आणि साडीचा घोळ कुठे अडकणार नाही हे स्वतः बघून घ्या, हा सुरक्षेचाही भाग आहे. त्यांनी नको म्हटलं तर 'बरं' म्हणा आणि सावलीतली, पाळणा दिसेल अशी खुर्ची द्या. नातवंडं वरून हात हलवतील ते त्यांना दिसायला हवं.

पाण्याच्या पार्कात कपड्यांचा प्रश्न नाजूक असतो. नायलॉनचे कपडे लागतात, कारण सुती कापड पाणी धरून जड होतं आणि घसरगुंडीवर अडकतं. हे कारण बायकांना बाईनंच सांगावं. पूर्ण अंगभर कपडे भाड्यानं ठेवा, सगळ्या मापांत ठेवा आणि मोठं माप मागणारीला 'आहे का बघतो' असं चारचौघांत ओरडून सांगू नका.

दिव्यांग पाहुण्याशी बोलताना त्याच्या सोबतच्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याशीच बोलायचं. मदत हवी का हे आधी विचारा, व्हीलचेअरला न विचारता हात लावू नका. कुठल्या राइडवर स्वतः उठून बसावं लागतं, कुठे जिना आहे, कुठे रॅम्प, याची यादी गेटवरच ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यातले कितीतरी डोळ्यांना दिसत नाहीत. स्वमग्न मुलाला कर्कश भोंगा सहन होत नसेल, तर ते पोर 'वाया गेलेलं' नाही. एक शांत कोपरा दाखवा आणि आईला दहा मिनिटं बसू द्या.

पायरी ८: हरवलेलं मूल

याची तालीम हंगाम सुरू होण्याआधी करायचीच, तीही खऱ्यासारखी, एखाद्या कर्मचाऱ्याच्या मुलाला घेऊन.

गेटवरच लहान मुलांच्या मनगटावर कागदी पट्टा बांधा, आतल्या बाजूला पालकांचा मोबाइल नंबर लिहा. मुलाचं नाव बाहेर लिहू नका, अनोळखी माणूस ते वाचून हाक मारू शकतो. सहलीच्या मुलांच्या पट्ट्यावर शिक्षकांचा नंबर. एसटीच्या प्रासंगिक करारावर येणाऱ्या सहलीत गाडीचा नंबरही लिहून घ्या, पार्किंगमध्ये एकसारख्या दहा लाल गाड्या असतात.

एकटं रडणारं मूल दिसलं की खाली बसा, स्वतःचं नाव सांगा, छातीवरच्या पट्टीवर ते दाखवा. त्याला लगेच उचलून दूर नेऊ नका, बहुतेक पालक शेवटचं जिथं पाहिलं तिथंच धावत येतात. वॉकी-टॉकीवर कळवा आणि दुसरा कर्मचारी येईपर्यंत तिथंच थांबा. मुलासोबत नेहमी दोघं, शक्यतो त्यातली एक बाई. लाउडस्पीकरवरून मुलाचं नाव, कपडे, वय सांगायचं नाही. 'अमुक रंगाच्या गाडीतून आलेल्या पालकांनी माहिती कक्षात यावं' एवढं चालतं. न्यायला आलेल्या माणसाला मूल दाखवण्याआधी मुलाचं वर्णन विचारा, फोनमधला फोटो बघा, मग मुलाची ओळख पटतेय का ते बघा आणि सही घ्या. खरे आई-वडील यावर रागावत नाहीत. दरम्यान गेटवरचा माणूस बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लहान मुलाकडे लक्ष देतो. ठरावीक वेळेत मूल किंवा पालक सापडले नाहीत तर ११२ वर फोन करायचा, तो कोणी करायचा हे आधीच ठरलेलं हवं. मुलांसाठीचा १०९८ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबरही प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे छापा.

आणि सापडल्यावर पालकांना भाषण देऊ नका. 'लक्ष ठेवायला नको का?' हे त्या आईनं स्वतःला शंभरदा विचारून झालेलं असतं. पाणी द्या, बसवा.

पायरी ९: तक्रार

आधी पूर्ण ऐका. मध्ये 'पण' म्हणू नका. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा, म्हणजे समोरच्याला कळतं की पोहोचलं. मग जे करता येईल ते लगेच, आणि जे करता येणार नाही ते स्पष्ट. दारू पिऊन आलेला, अंगावर येणारा, मुलींशी घाणेरडं बोलणारा पाहुणा हा तक्रारदार नाही. तिथं कर्मचाऱ्यानं नम्र राहण्याची गरज नाही, बाजूला होऊन सुपरवायझरला बोलवायचं. त्या गटाचे पैसे परत देऊन त्यांना बाहेर काढायचं धाडस मालकानं वर्षातून एकदा तरी दाखवावं. आपल्या मुलींना त्यातून जे कळतं ते कुठल्याही बैठकीत सांगता येत नाही.

पायरी १०: बाहेर पडताना

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या काळात पाणी हळूहळू एका अंशानं कमी गार केलं. यातलं कोणतं पुन्हा कराल असं विचारल्यावर जास्त जणांनी लांबचा, एकूण जास्त त्रासाचा प्रयोग निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. आठवण दिवसाची सरासरी काढत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोन गोष्टी तिच्यात जड जातात.

आता आपल्याकडचा शेवट बघा. संध्याकाळी साडेसहा वाजता शिट्ट्या मारत लोकांना हुसकतात, संडासाला कुलूप, पार्किंगमध्ये अंधार, लॉकरच्या अनामतीसाठी सुट्टे नाहीत. दिवसभर केलेलं सगळं शेवटच्या वीस मिनिटांत जातं.

बंद होण्याच्या अर्धा तास आधी एक कर्मचारी फिरून सांगेल की अजून एका राइडला वेळ आहे, कुठली रांग लहान आहे तेही. संडास सगळ्यात शेवटी बंद करायचे, कारण पुढे दोन तासांचा प्रवास आहे. अनामत परत देण्यासाठी सुट्टे वेगळे काढून ठेवा किंवा यूपीआयनं जागच्या जागी परत करा. गेटवरच्या माणसाला तीन गोष्टी माहीत हव्यात: पसरणी घाटात गाड्या अडकल्यात का, वाईकडे जाणारी पुढची एसटी किती वाजता, आणि रात्री उशिरापर्यंत जेवण मिळेल असं जवळचं ठिकाण. 'घाटात धुकं आहे, सावकाश जा' हे वाक्य निरोपासाठी पुरेसं आहे. झोपलेलं पोर खांद्यावर घेतलेल्या बापाच्या हातातली पिशवी गाडीपर्यंत नेऊन दिली, तर त्याला वेळ लागतो दोन मिनिटं.

रोज रात्रीची दहा मिनिटं

गेट बंद झाल्यावर सगळ्यांनी एकत्र बसायचं, चहा मालकाचा. तीनच प्रश्न. आज कोण आठवणीत राहिलं? कुठे 'नाही' म्हणावं लागलं आणि ते कसं म्हटलं? उद्या काय बदलायचं? पहिल्या प्रश्नाची उत्तरं झाडणाऱ्या मावशींपासून घ्या. त्या दिवसभर फिरत असतात, त्यांना सुपरवायझरपेक्षा जास्त दिसतं.

या बैठकीत वहीत लिहिलेल्यातलं रोज एक काहीतरी उद्याच सुधारा, कितीही छोटं असो. ड्रॅगन ट्रेनच्या रांगेत सावली नाही म्हणून कोणी बोललं असेल, तर दुसऱ्या दिवशी हिरवी जाळी लागलेली दिसली पाहिजे. ज्यानं सुचवलं त्याचं नाव वहीत त्या ओळीपुढे लिहा. पाहुण्यानं एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव घेऊन कौतुक केलं असेल तर ते त्याच्या घरी कळवा, त्याच्या आईला फोन करून. अशा कौतुकाच्या बक्षिसाची रक्कम महिन्याच्या पगारात वेगळी ओळ करून द्या, आणि ती एकट्याला न देता त्या दिवशी त्या राइडवर असलेल्या सगळ्यांना वाटा. नाहीतर पुढच्या महिन्यात पोरं पाहुण्यांकडून कौतुक मागायला लागतील.